छेदन-प्रतल पद्धती

छेदन-प्रतल पद्धती : (संमिश्र पूर्णांक द्विघाती इष्टतमीकरणातील). ज्या प्रश्नात काही चलांना फक्त पूर्णांक मूल्ये घेता येतात, उरलेली चले कोणतेही मूल्य घेऊ शकतात आणि कमीत कमी करावयाच्या खर्चाच्या सूत्रात चलांचे वर्ग किंवा दोन चलांचे गुणाकार येतात, त्या प्रश्नास संमिश्र पूर्णांक द्विघाती इष्टतमीकरणाचा प्रश्न म्हणतात. असा प्रश्न सोडविताना पूर्णांकाची अट तात्पुरती दूर ठेवतात. त्यामुळे मिळणारे खोटे उत्तर एखाद्या रैखिक असमतेने कापून काढतात, मात्र खऱ्या उत्तरांपैकी एकही त्यात कापले जाऊ नये याची काळजी घेतात. हीच क्रिया पुनःपुन्हा करून खऱ्या उत्तरापर्यंत पोहोचण्याच्या रीतीस छेदन-प्रतल पद्धती हे नाव आहे. दोन चलांच्या आकृतीत असा छेद सरळ रेषेने दाखविता येतो, तीन चलांच्या आकृतीत तो प्रतलाने होतो. नाव तेथूनच आले आहे.

औष्णिक वीज केंद्रातील कोणते संच चालू ठेवावयाचे आणि प्रत्येकाकडून किती वीज घ्यावयाची, हा या वर्गातील सर्वांत परिचित व्यावहारिक प्रश्न होय. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथील औष्णिक केंद्र या दृष्टीने सोयीचे उदाहरण आहे. २०१२ ते २०१४ या काळात कार्यान्वित झालेल्या या केंद्रात प्रत्येकी ६६० मेवॉ. (मेगावॉट) क्षमतेचे पाच अतिक्रांतिक संच असून एकूण क्षमता ३,३०० मेवॉ. आहे. हे संच एकसारखे असल्याने गणित आटोपशीर होते. संच चालू असेल किंवा बंद असेल, अर्धा चालू असू शकत नाही. म्हणून त्याच्या स्थितीचे चल ० किंवा १ एवढीच मूल्ये घेते. चालू संचाचे उत्पादन मात्र ठराविक मर्यादांमध्ये कितीही असू शकते. वरची मर्यादा क्षमतेची असते. खालची मर्यादा भट्टीतील ज्वाला स्थिर राहण्याशी निगडित असून तिला तांत्रिक किमान भार म्हणतात. आंतरराज्य केंद्रांसाठी केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१६ मध्ये ही मर्यादा ५५ टक्के ठरविली होती. तेच प्रमाण येथे धरल्यास ६६० मेवॉ. संचासाठी ती ३६३ मेवॉ. येते.

संचाचा इंधनखर्च उत्पादनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. संच नुसता पेटता ठेवण्यासाठी काही ठराविक खर्च होतो. त्यावर प्रत्येक मेगावॉटमागे कोळसा लागतो आणि भार वाढत जाईल तसतसा पुढच्या प्रत्येक मेगावॉटचा खर्च थोडा थोडा चढत जातो. हा चढ दाखविण्यासाठी सूत्रात उत्पादनाचे वर्गपद घालतात. संचाची स्थिती 'स' (० किंवा १) व त्याचे उत्पादन 'उ' मेवॉ. मानल्यास दर तासाचा खर्च, हजार रुपयांत,

२०० स + २ उ + ०·०००५ (उ × उ)

असा लिहिता येईल. यांतील सहगुणक केवळ विवेचनासाठी गृहीत धरलेले आहेत, ते प्रत्यक्ष केंद्राचे नव्हेत. उत्पादनावरील मर्यादा 'उ हा ३६३ स पेक्षा कमी नाही व ६६० स पेक्षा जास्त नाही' अशी लिहितात. 'स' शून्य असेल तर 'उ' आपोआप शून्य होतो.

एखाद्या दुपारी पाचही संचांकडून मिळून १,५०० मेवॉ. वीज हवी आहे, असे समजू. दोन संचांची क्षमता १,३२० मेवॉ. असल्याने ते अपुरे पडतात. पाचही चालू ठेवले, तर सरासरी प्रत्येकी ३०० मेवॉ. भार येतो व तो किमान मर्यादेखाली जातो. उरतात तीन किंवा चार संच. खर्चाच्या चढत्या स्वरूपामुळे चालू संचांत भार समान वाटणे सर्वांत स्वस्त पडते. तीन संचांवर प्रत्येकी ५०० मेवॉ. घेतल्यास खर्च ६०० + ३,००० + ३७५ = ३,९७५ येतो. चार संचांवर प्रत्येकी ३७५ मेवॉ. घेतल्यास तो ४,०८१·२५ येतो. म्हणजे गृहीत आकड्यांनुसार चौथा संच उगाच पेटता ठेवण्याची किंमत तासाला एक लाख सहा हजार रुपयांहून अधिक आहे.

येथे उत्तर हाताने काढता आले, कारण प्रश्न एका क्षणापुरता व पाच समान संचांचा होता. भारतात वीज-नियोजनाचा दिवस पंधरा मिनिटांच्या ९६ खंडांत विभागलेला असतो. पाच संचांसाठी एका दिवसात ४८० 'चालू की बंद' असे निर्णय होतात आणि त्यांचे एकूण पर्याय १४५ अंकी संख्येइतके भरतात. बंद झालेला संच थंडावल्यावर पुन्हा पेटविण्यास बरेच तास व महागडे तेल लागते. त्यामुळे एका खंडातील निर्णय पुढील खंडांना बांधून ठेवतो आणि प्रत्येक खंड सुटा सोडविता येत नाही. दुपारी सौर वीज भरपूर असताना बंद केलेला संच संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळी उपलब्ध नसेल, तर इतरत्र महाग वीज घ्यावी लागते किंवा भारनियमन करावे लागते.

शिथिलीकरण : एवढे पर्याय मोजणे अशक्य असल्याने 'स' ला ० व १ यांच्यामधील अपूर्णांक मूल्येही घेऊ देतात. यास शिथिलीकरण म्हणतात. अट सैल केल्यामुळे मिळणारा खर्च खऱ्या किमान खर्चापेक्षा जास्त असू शकत नाही. तो खालची सीमा दाखवितो. वरील उदाहरणात शिथिल प्रश्नाचे उत्तर असे येते : प्रत्येक संच ५/११ इतका चालू, प्रत्येकाकडून ३०० मेवॉ. आणि एकूण खर्च ३,६७९·५. हा खर्च खऱ्या किमान खर्चापेक्षा सात टक्क्यांहून अधिक कमी आहे. पण तो कोणालाही प्रत्यक्षात साधता येणार नाही, कारण ५/११ चालू असा संच जगात नाही. हे अपूर्णांक जवळच्या पूर्णांकात बदलावेत म्हटले, तर पाचही संच बंद होतात. सर्व वरच्या पूर्णांकात नेले, तर पाचही चालू होऊन किमान भाराची अट मोडते. पूर्णांकांचा प्रश्न अपूर्णांकांत सोडवून शेवटी आकडे 'पूर्ण' करण्याचा मोह नेहमीचा आहे. तो किती फसवा ठरतो, हे एवढ्या लहान उदाहरणातही दिसते.

पहिला छेद येथे सहज सुचतो. संचांची एकूण क्षमता मागणीइतकी तरी हवी. म्हणून ६६० गुणिले चालू संचांची संख्या १,५०० पेक्षा कमी असता कामा नये. भागाकार केल्यास ही संख्या किमान २·२७ हवी असे निघते. परंतु संचांची संख्या पूर्णांक असल्याने ती किमान ३ असलीच पाहिजे. 'पाचही स यांची बेरीज ३ पेक्षा कमी नाही' ही नवी असमता कोणतेही खरे नियोजन वगळत नाही, मात्र २५/११ बेरजेचे खोटे उत्तर कापून टाकते. ती घातल्यावर शिथिल प्रश्नाचा खर्च ३,८२५ पर्यंत वर येतो.

इतिहास : भागाकारातील अपूर्णांक वर चढवून असमता घट्ट करण्याची ही युक्ती जितकी साधी तितकीच दूरगामी ठरली. जॉर्ज डँट्झिग, डी. आर. फुल्करसन व एस. एम. जॉन्सन यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील ४९ शहरांतून फिरणाऱ्या विक्रेत्याचा सर्वांत लहान मार्ग शोधताना प्रश्नास अनुरूप असे छेद एकेक करून हाताने घातले. राल्फ गोमोरी यांनी १९५८ मध्ये कोणत्याही रैखिक पूर्णांक प्रश्नात असे छेद यांत्रिक रीतीने निर्माण करण्याची कृती दिली आणि मर्यादित पायऱ्यांत उत्तर मिळते हे सिद्ध केले. एल्सा लँड व ॲलिसन डॉयग यांची शाखा-आणि-मर्यादा पद्धती १९६० मध्ये आली. तीत एक अपूर्णांक चल निवडून '० असेल तर' व '१ असेल तर' असे प्रश्नाचे दोन फाटे पाडतात आणि ज्या फाट्याची खालची सीमा हाती असलेल्या उत्तरापेक्षा महाग ठरते, तो फाटा सोडून देतात.

गोमोरी यांचे छेद नंतर दीर्घकाळ मागे पडले. छेद घालत गेल्यास संगणकातील अंकगणिताच्या लहान चुका साचत आणि प्रगती मंदावत असे, म्हणून ते व्यवहारात निरुपयोगी आहेत असा समज झाला होता. एगॉन बालास, सेबास्तियन सेरिया, जेरार कोर्नुएजोल्स व एन. आर. नटराज यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की, दोष छेदांचा नसून ते एकेकटे वापरण्याचा होता; एका वेळी अनेक छेद घालून त्यांना शाखा-आणि-मर्यादा पद्धतीची जोड दिल्यास तेच अत्यंत प्रभावी ठरतात.

द्विघाती प्रश्नातील विशेष अडचण : रैखिक प्रश्नाचे इष्टतम उत्तर शक्य प्रदेशाच्या एखाद्या शिरोबिंदूवर सापडते. तो कोपरा अपूर्णांकी असेल, तर तेवढाच कापता येतो. द्विघाती प्रश्नात उत्तर प्रदेशाच्या आतही असू शकते आणि आतला बिंदू कापता येत नाही. एका चौरसाचे चार कोपरे हीच खरी उत्तरे आहेत व खर्च म्हणजे चौरसाच्या मध्यबिंदूपासूनच्या अंतराचा वर्ग आहे, असे समजा. चौरसाची बाजू १ असल्यास चारही कोपऱ्यांवर खर्च १/२ येतो. शिथिल प्रश्न मात्र मध्यबिंदूच निवडतो, कारण तेथे खर्च शून्य आहे. आता मध्यबिंदू वगळणारी कोणतीही सरळ रेषा काढली, तरी ती निदान एक कोपरा बरोबर घेऊन जाते. त्यामुळे चौरसाच्या प्रतलात राहून छेद घेणे निष्फळ होय.

यावरील उपाय असा की, खर्चालाच स्वतंत्र चल मानून प्रश्न एका मितीने वर उचलतात. चौरस जमिनीवर आहे व खर्च ही जमिनीपासूनची उंची आहे, अशी कल्पना करावी. चारही कोपरे १/२ उंचीवर दिसतात, मध्यबिंदू जमिनीवर असतो. आता '१/२ पेक्षा कमी उंची नको' हे आडवे प्रतल मध्यबिंदूचे खोटे उत्तर वगळते व चारही कोपरे राखते. द्विघाती प्रश्नांतील परिणामकारक छेद बहुतांशी अशा उंचावलेल्या अवकाशातच घेतले जातात. वक्र पृष्ठभागाऐवजी त्याची स्पर्शप्रतले वापरण्याची कल्पना त्याआधीच जे. ई. केली यांनी १९६० मध्ये मांडली होती. मार्को दुरान व इग्नासिओ ग्रॉसमन यांनी १९८६ मध्ये ती पूर्णांक चले असलेल्या वक्र प्रश्नांना लावली. परंतु साध्या स्पर्शप्रतलांनी केवळ शिथिल प्रश्नाचा वक्र पृष्ठभाग उभा राहतो. पूर्णांकाच्या अटीचा त्यांत काहीच उपयोग केलेला नसतो.

तो उपयोग वीज केंद्राच्या उदाहरणात कसा होतो, हे पाहण्याजोगे आहे. एका संचाच्या वर्गपदाचा खर्च 'द' या वेगळ्या चलाने दाखवू. कोणत्याही संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून चालू संचासाठी (उ − ५००) या वजाबाकीचा वर्गही शून्यापेक्षा कमी नसतो. तो वर्ग विस्तारून ०·०००५ ने गुणल्यास 'द हा ०·५ उ − १२५ पेक्षा कमी नाही' असे मिळते. हे झाले साधे स्पर्शप्रतल. बंद संचासाठी मात्र 'उ' व 'द' दोन्ही शून्य असतात. तेव्हा १२५ हा आकडा फक्त संच चालू असतानाच वजा करावयाचा आहे हे ध्यानात घेऊन असमता

द ≥ ०·५ उ − १२५ स

अशी लिहिली, तरी ती चालू व बंद अशा दोन्ही स्थितींत खरी राहते. फरक एवढाच की, १२५ च्या पुढे 'स' आला. अपूर्णांकी स्थितीला मात्र हा फरक भोवतो. पहिला छेद घातल्यानंतर शिथिल उत्तरात प्रत्येक संच ०·६ चालू व ३०० मेवॉ. देणारा होता, त्याच्या वर्गपदाचा खर्च ४५ धरला गेला होता. नवी असमता तो १५० − ७५ = ७५ पेक्षा कमी होऊ देत नाही. ५०० हा आकडाही मनाने घेतलेला नाही. ३०० ला ०·६ ने भागून तो मिळतो, म्हणजे खोटे उत्तर स्वतःच आपल्याविरुद्धचा छेद कोठे घ्यावयाचा ते सांगते.

हा छेद पाचही संचांना लावून बेरीज केल्यास, चालू संचांची संख्या 'न' मानता, एकूण खर्च ३,७५० + ७५ न पेक्षा कमी असू शकत नाही असे निघते. पहिल्या छेदानुसार 'न' किमान ३ आहे. म्हणून खर्च किमान ३,९७५ आहे. तीन संचांचे नियोजन नेमके तेवढ्याच खर्चात होते. यापेक्षा स्वस्त नियोजन अस्तित्वातच नाही, हे एकही पर्याय न तपासता सिद्ध झाले. दोन्ही छेदांची गरज येथे स्पष्ट दिसते. एकटा पहिला छेद ३,८२५ वर थांबतो. एकटा दुसरा छेद ३,९२०·५ पर्यंत नेतो व त्याच जातीचे कितीही छेद घातले, तरी सीमा ३,९४८·७ च्या वर जात नाही. शाखा-आणि-मर्यादा पद्धती छेदांवाचून वापरली असती, तर पाचांतून तीन संच निवडण्याचे दहा समान खर्चाचे प्रकार असल्याने ती एकाच उत्तराच्या निरनिराळ्या रूपांत घोटाळत राहिली असती.

दुसऱ्या प्रकारच्या छेदास यथादर्शन-छेद असे म्हणता येईल. चित्रकलेतील यथादर्शनाप्रमाणे येथेही फलन 'स' च्या प्रमाणात लहानमोठे होत जाते. अंतोनियो फ्रांजोनी व क्लाउदिओ जेंतिले यांनी २००६ मध्ये हे छेद मांडले आणि संच-निवडीच्या प्रश्नावरच त्यांची कसोटी घेतली. ऑक्टे गुनलुक व जेफ लिंडरॉथ यांनी २०१० मध्ये त्यांचे व्यापक विवेचन केले. 'स' शून्य झाल्यावर दुसरे चलही शून्य व्हावे, ही घडण मात्र त्यासाठी आवश्यक आहे. ती बऱ्याच व्यावहारिक प्रश्नांत आढळते. हॅरी मार्कोविट्झ यांच्या १९५२ च्या सिद्धांतानुसार गुंतवणुकीची जोखीम द्विघाती असते. तीत 'फक्त अमुक इतक्याच रोख्यांत पैसे ठेवावयाचे' अशी अट घातली की हाच प्रकार उद्भवतो. डॅनियल बीनस्टॉक यांनी १९९६ मध्ये अशा प्रश्नांचा छेद व शाखा एकत्र वापरून अभ्यास केला.

किमान भार आणखी खाली आणण्याचा प्रश्न अलीकडे महत्त्वाचा झाला आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांत कोळशावरील संच टप्प्याटप्प्याने ४० टक्के भारापर्यंत उतरविण्याची तरतूद आहे. तसे झाल्यास वरील उदाहरणात पाचही संच ३०० मेवॉ. वर चालविता येतील, परंतु खर्च ४,२२५ पर्यंत जाईल. तेव्हा मर्यादा सैल झाल्याने त्या क्षणाचा खर्च कमी होतो असे नाही. संच बंद न करता संध्याकाळसाठी तयार ठेवता येतो, हा त्यातील लाभ आहे, आणि तो अनेक खंडांचा प्रश्न एकत्र सोडविल्यावरच दिसतो.

इतर प्रकार : वरील विवेचनात खर्चाचा आलेख वाटीसारखा वर वळलेला, म्हणजे बहिर्वक्र होता. चलांचे गुणाकार आले की ही सोय राहत नाही. जलविद्युत् केंद्राची शक्ती पाण्याचा प्रवाह व पाण्याची उंची यांच्या गुणाकारावर अवलंबून असते आणि धरणातून पाणी सोडले की उंचीही घटते. कोयनेसारख्या केंद्राचे नियोजन त्यामुळे वेगळ्या जातीचे ठरते. अशा गुणाकाराभोवती वरून व खालून प्रत्येकी दोन प्रतले लावून तो कोंडण्याची रीत गार्थ मॅककॉर्मिक यांनी १९७६ मध्ये दिली. चलांच्या मर्यादा जितक्या जवळ, तितका हा पिंजरा घट्ट बसतो. म्हणून मर्यादांचे तुकडे करीत जावे लागते.

सैद्धांतिक दृष्ट्या या विषयात एक तीव्र सीमारेषा आहे. उद्दिष्ट फलन द्विघाती परंतु निर्बंध रैखिक असतील, तर उत्तर असल्यास त्याचा पडताळा वाजवी वेळात घेता येतो, हे अल्बेर्तो देल पिया, शंतनू डे व मार्को मोलिनारो यांनी २०१७ मध्ये सिद्ध केले. निर्बंधच द्विघाती असतील व पूर्णांक चलांना कोणतीही मर्यादा नसेल, तर सर्व प्रश्न सोडविणारी एकच कृती असूच शकत नाही, असे रॉबर्ट जेरोस्लो यांनी १९७३ मध्येच दाखविले होते. व्यवहारातील चलांना मर्यादा असतात, त्यामुळे वीज-नियोजनास या दुसऱ्या निष्कर्षाची बाधा होत नाही.

व्यवहारातील वापर : अमेरिकेतील वीज बाजारांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून संच-निवडीसाठी छेद व शाखा यांवर आधारलेल्या संगणकीय कार्यक्रमावल्या स्वीकारल्या. तत्पूर्वी तेथे अटींना दंड लावून प्रश्नाचे तुकडे पाडणारी लाग्रांज शिथिलीकरणाची पद्धती रूढ होती. भारतात केंद्रांचा वापर दीर्घकाळ 'गुणवत्ता क्रम' या नियमाने होत आला आहे. म्हणजे चलखर्चानुसार केंद्रांची यादी करून स्वस्त केंद्राकडून आधी वीज घ्यावयाची. महाराष्ट्रात हे काम ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्राकडे आहे. हा नियम सर्वांना समजतो व त्यावर वाद कमी होतात, ही त्याची मोठी जमेची बाजू होय. परंतु संच पेटता ठेवण्याचा ठराविक खर्च व पुन्हा पेटविण्यास लागणारा वेळ त्या यादीत दिसत नाहीत. राष्ट्रीय पातळीवर आंतरराज्य केंद्रांच्या भारवाटपासाठी इष्टतमीकरणाचा प्रायोगिक वापर एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात चालू असलेल्या संचांमध्ये भार कसा वाटावा एवढाच प्रश्न होता. कोणता संच चालू ठेवावा, हा पूर्णांकाचा प्रश्न २०२३ च्या भारतीय वीज जाल संहितेतील संच-निवडीच्या तरतुदीने प्रादेशिक पातळीवरील केंद्रांपुरता पुढे आला.